दिवाळी ते 31 डिसेंबर डोकं ठिकाणावर ठेवायला काय काय वापरलं: विकतचं ॲप, फुकटचा 14416 आणि सरकारी ओपीडी

वेळ नसेल तर एवढंच वाचा. 14416 हा मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाईनचा नंबर, मोबाईलमध्ये सेव्ह करा, पैसे लागत नाहीत, रात्री-बेरात्री लागतो, मराठीत बोलतात. मन शांत करायच्या ज्या ॲपला मी वर्षाचे पैसे भरून बसलो तसलं काही घेऊ नका, निदान सणासाठी तरी नका घेऊ. आणि ज्यांच्या डोक्याच्या, झोपेच्या, बीपीच्या कसल्याही गोळ्या चालू आहेत त्यांनी सुट्ट्या लागायच्या आधी त्या आणून ठेवा. बाकी खाली सगळं सविस्तर आहे आणि लांबलंय, चहा घेऊन बसा.

मी जळगावात सराफी दुकानात काउंटरला आहे. दुकानाचं नाव लिहीत नाही, नोकरी टिकवायचीय. बाहेरच्या माणसाला सांगतो, आमच्याकडे दसरा ते तुळशीचं लग्न हा काळ म्हणजे जेवायला बसलं तरी उभ्याउभ्या बसायचं. 2025 च्या दिवाळीत सोनं तोळ्याला सव्वा लाखाच्या वर गेलं तरी धनत्रयोदशीला दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती, बुऱ्हाणपूरकडून आले, मलकापूरकडून आले, सुरतेला स्थायिक झालेले आपले लोक आले, भाव ऐकून तोंड वाकडं करणार, घडणावळीवरून हुज्जत घालणार आणि घेणारच. आपण नवा कुर्ता घालून, कपाळाला गंध लावून हसायचं.

वडील आषाढात गेले. म्हणजे वर्षभर घरात सण नाही, कंदील नाही, तोरण नाही, फराळ भाऊबंद आणि शेजारचे आणून देणार. दिवसभर लोकांची दिवाळी करायची आणि रात्री अंधाऱ्या दारात गाडी लावायची. पोरगा पाच वर्षांचा, तो रोज विचारायचा आपला कंदील कधी, त्याला काय सांगायचं. आई गावाला, धरणगावच्या पुढे, एकटी, शहरात राहायला यायला तयार नाही, आणि प्रत्येक नातेवाईक फोनवर दिवाळीच्या शुभेच्छा न देता (देता येत नाहीत ना) एकच विचारणार, "मग आईचं काय ठरवलं?" जसं काही मी टेंडर काढलंय.

झोप पहाटे तीनला उडायची. छातीवर वजन. पोरावर ओरडायचो, बायको बोलली की नुसतं हं. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी एक गिऱ्हाईक मोड (बदलायला आणलेलं जुनं सोनं) घेऊन आलं, जुनी पुरुषाची अंगठी, वरचं अक्षर झिजून गुळगुळीत झालेलं, आतल्या कडेला पांढरा थर साचलेला, साबणाचा असावा. म्हणाले वडिलांची होती, यात थोडी भर घालून मुलीला टॉप्स करायचेत. काट्यावर ठेवली, वजन बोललो, तूट सांगितली आणि पुढे आवाजच फुटेना. बाजूच्या पोराने सांभाळून घेतलं. मी आत गोडाऊनमध्ये जाऊन रिकाम्या डब्यांच्या मधे उभा राहिलो, बाहेर आलो तर शेठ म्हणाले, सणाच्या तोंडावर असं तोंड घेऊन उभं राहू नको बाबा, गिऱ्हाईक परत जातं. त्यांचंही चूक नाही, धंदा आहे, पण त्या दिवशी लागलं ते लागलंच.

तर आता एकेक.

पहिलं ते ॲप. नाव देत नाही कारण त्यांच्याशी अजून माझी ईमेलाईमेली चालू आहे. रात्री रील बघताना जाहिरात आली, सणासुदीत मन सांभाळा, फेस्टिव्ह ऑफर, सात दिवस फ्री आणि मग वर्षाचं इतकं इतकं. घेतलं. दिसायला एकदम भारी, निळा-जांभळा रंग, पावसाचा आवाज, एक बाई हळू आवाजात बोलते. भाषा मराठी निवडली तर मराठी अशी की शाळेच्या पुस्तकातल्या बाई पण घाबरतील, "आपल्या भावनांना अवकाश द्या" वगैरे. अरे बाबा, मला वन बीएचकेमध्ये पोराचा अभ्यास आणि कुकरची शिट्टी यात अवकाश कुठला देता?

पण भाषेचं सोडा. मुख्य राग सल्ल्यांवर आहे. "सणाच्या काळात कामावरून विश्रांती घ्या", धनत्रयोदशीला, सराफाच्या माणसाला. "नको असलेल्या कार्यक्रमांना नम्रपणे नाही म्हणा." म्हणून बघा तुम्ही खान्देशात, मोठ्या काकांना, नम्रपणे, पुढची तीन लग्नं तुमच्याकडे कोणी बघणार नाही. "मोठ्या जेवणाऐवजी हलका आहार घ्या." ज्याने हे लिहिलं त्याने लक्ष्मीपूजनाच्या रात्री दुकानात काम केलेलं नाही, दुखवट्याच्या घरात फराळाचे डबे येताना पाहिलेले नाहीत, आणि त्याच्या आईने त्याला कधी "एवढंसंच खाल्लं?" असं विचारलेलं नसावं. त्यात लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी, दुकानात पूजा चालू, चोपड्या मांडलेल्या, आणि खिशात फोन टिंग करून म्हणतो, आज तुम्ही कोणत्या गोष्टीबद्दल कृतज्ञ आहात? एका शब्दात लिहा.

चॅटबॉट पण आहे त्यात. मी टाईप केलं, वडील वारले, झोप नाही. उत्तर, "हे ऐकून वाईट वाटलं. तुम्हाला श्वसनाचा व्यायाम करायला आवडेल का?" नाही म्हटलं. "समजलं. तुम्हाला श्वसनाचा व्यायाम करायला आवडेल का?" माणसाशी बोलायचं बटण दाबलं तर स्लॉट भाऊबीज झाल्यावर, कारण त्यांची टीम सण साजरा करतेय. म्हणजे सणाच्या नावाने विकलेली सेवा सणाला बंद.

चांगलं काय, तर तो श्वासाचा व्यायाम खरंच बरा आहे. चार मोजत घ्यायचा, सहा-सात मोजत सोडायचा, सोडायचा वेळ घेण्यापेक्षा लांब ठेवायचा, त्याने छातीची धडधड खाली येते, मला आली. पण ते मी तुम्हाला आत्ता फुकट सांगितलं. आणि एक, फ्री ट्रायल घेताना यूपीआयवरून ऑटोपे चालू होतं ते बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. पैसे कापायच्या आधी मेसेज येतो, तो दिवाळीच्या मेसेजच्या ढिगात गेला. तुमच्या यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे नावाचा भाग असतो, तिथून स्वतः बंद करता येतं, ॲपवाल्याची परवानगी लागत नाही. पाचपैकी एक तारा, तोही त्या श्वासाला.

दुसरं, मेडिकल. आमच्या इकडचा पहिला उपाय हाच असतो म्हणून लिहितो. एका दुकानात झोप येत नाही म्हटल्यावर त्याने ना चिठ्ठी मागितली ना काही, ड्रॉवरमधून अर्धी स्ट्रिप कापून दिली. मी घेतली नाही, कारण आमच्या गल्लीतला एक जण त्याच गोळीवर चार वर्षं आहे आणि आता गोळीशिवाय त्याचा डोळा लागत नाही. अल्प्राझोलाम वगैरे ज्या असतात त्या एच-वन यादीतल्या आहेत, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायच्याच नसतात आणि दुकानदाराला रजिस्टरमध्ये नोंद ठेवावी लागते. सवय लागते, आणि दारूबरोबर तर जीवावर बेततं. 31 डिसेंबरच्या तोंडावर हे मुद्दाम सांगतोय.

आता 14416. हे नीट लिहितो.

पाडव्याची रात्र. दुकानातून घरी यायला उशीर झाला, जेवण गेलं नाही, बायको-पोरगा झोपले. मी जिन्यात येऊन बसलो. आमची बिल्डिंग पिंप्राळ्याकडे, समोरच्या मैदानात पोरं सुतळी बॉम्ब लावत होती. नंबर कुठून मिळाला तर सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर पोस्टर होतं, वडील ॲडमिट असताना रोज समोर बसून वाचलेलं, पाठच झालं होतं. याला टेली मानस म्हणतात, केंद्र सरकारचं आहे, 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू झालं, तो जागतिक मानसिक आरोग्य दिन असतो. बंगळुरूची निमहान्स ही संस्था सगळं बघते, 20 भाषा आहेत, आणि 2025 च्या सुरुवातीपर्यंतच 18 लाखांवर फोन आलेले. 14416 लागत नसेल तर 1800-891-4416 पण चालतो. 2024 च्या ऑक्टोबरात त्यांचं स्वतःचं ॲप पण आलं, पण मला ॲप म्हटलं की आता अंगावर येतं म्हणून ते मी उघडलेलं नाही.

आधी रेकॉर्डेड आवाज, भाषा निवडा. मराठी निवडली. मग एक ताई बोलल्या. पहिलं नाव विचारलं, मी फक्त नाव सांगितलं, आडनाव नाही, चाललं. गाव विचारलं. मी काय बोलायचं याची मनात तयारी केली होती, झोप येत नाही इथून सुरू करू म्हणून, आणि तोंडातून निघालं ते अंगठीचं. गिऱ्हाईकाची अंगठी. कुठलीतरी परकी अंगठी, तिचं अक्षर झिजलेलं, हेच सांगत बसलो, मला वाटलं बाई म्हणतील अहो मुद्द्याचं बोला. त्या ऐकत थांबल्या. मधे एक मोठा फटाका फुटला तर म्हणाल्या, "दादा, परत सांगा, फटाक्यात ऐकू नाही आलं," आणि मला उगाच हसायला आलं. मग नीट बोलणं झालं.

विचारलं काय काय? झोप किती, जेवण जातं का, कधीपासून, कामावर लक्ष लागतं का, पिता का, घरात कोणाला हे माहिती आहे का. आणि मग एकदम सरळ, जराही आवाज न बदलता, "जीव द्यावा, मरून जावं असे विचार येतात का?" मला आजपर्यंत हे कोणी विचारलं नव्हतं. आपल्याकडे हा प्रश्न कोणी विचारत नाही, उलट भीती की विचारलं तर डोक्यात येईल. तसं होत नाही, डॉक्टर लोकांचा अभ्यास हेच सांगतो की सरळ विचारल्याने विचार वाढत नाही, माणसाला बोलायला वाट मिळते. माझं उत्तर होतं, मरायचं नाही पण सगळं थांबलं तर बरं असं वाटतं. हे वाक्य मी बायकोला बोललो नव्हतो. त्यांनी ते ऐकून घेतलं, घाबरल्या नाहीत, उपदेश नाही, "असं बोलू नये" नाही, "तुम्ही घरातले मोठे, तुम्हीच खचलात तर" हे तर अजिबात नाही. आणखी दोन-तीन प्रश्न त्याच्यावरच विचारले, घरात आत्ता कोण आहे, परत तसं वाटलं तर कोणाला उठवाल. मी म्हटलं बायकोला. म्हणाल्या मग आज रात्रीच उठवा, वाटेल तेव्हा कशाला.

उठवली. त्यावर काही लिहीत नाही, ते आमचं आहे.

त्यांनी सांगितलेलं बाकी थोडक्यात असं. माणूस गेल्यावर रडू येणं, झोप उडणं हा आजार नाही, सण आला की ते उसळतंच. पण दिवसभराची उदासी दोन आठवड्यांच्या वर टिकली आणि काम, जेवण, झोप हे सगळं बिघडलं असेल तर डॉक्टरला दाखवायचं, लाजायचं नाही. झोप कितीही कमी झाली तरी उठायची वेळ एकच ठेवायची. दुपारनंतरचा चहा कमी करायचा (सराफाच्या दुकानात हे म्हणजे गिऱ्हाईकासोबत दिवसाला आठ कप असतात, तरी चारवर आणले). आणि एक गोष्ट जी मला एकदम पटली, वडिलांसोबत सणात जे करायचात त्यातलं एक काहीतरी ठरवून करा, सगळं बंद करू नका. शेवटी जवळची सरकारी ओपीडी कुठे आहे ते सांगितलं.

हे म्हणजे थेरपी नाही, तशी अपेक्षा ठेवून फोन करू नका. रात्री कोणीतरी माणूस हवंय आणि पुढे कुठे जायचं ते कळायला हवंय, त्यासाठी हे आहे. जीवाला धोका असेल, कोणी काही करून बसलं असेल तर 108 ला ॲम्ब्युलन्स किंवा 112, तिथे वेळ घालवायचा नाही. पाचपैकी पाच. सरकारी गोष्टीला मी पाच तारे देईन असं माझ्या वडिलांना सांगितलं असतं तर ते म्हणाले असते याला ताप आलाय.

वडिलांसोबतचं एक काहीतरी, तर ते म्हणजे रथ. जळगावचा श्रीरामाचा रथोत्सव कार्तिकी एकादशीला असतो, 1872 पासून चालू आहे, आणि वडील दरवर्षी गावाहून यायचे, मला खांद्यावर घेऊन, नंतर नातवाला घेऊन. एक काकू म्हणाल्या सुतकाच्या वर्षात कसा जाता, दुसरे काका म्हणाले रामाच्या रथाला कसलं आलंय सुतक. आम्ही गेलो. जुन्या गावात, जिथे वडील उभे राहायचे तिथे जागा मिळाली नाही, गर्दीच एवढी, मागच्या एका ओट्यावर चढलो. मोगरी लावणारे लोक रथाच्या चाकाखाली लाकूड सरकवतात ते पोराला दाखवलं. आईने केळी घेतली प्रसादाची. घरी येऊन पोरगा चार खुर्च्यांचा रथ करून ओढत बसला, मला मोगरीवाला केला.

ओपीडी. कुठली ते सांगत नाही, आमच्या नात्यातले अर्धे लोक तिथेच बीपी दाखवायला जातात. खान्देशातल्या तिन्ही जिल्ह्यांत आता सरकारी मेडिकल कॉलेज आहे, धुळ्याला भाऊसाहेब हिरे खूप आधीपासून, जळगाव आणि नंदुरबारचं अलीकडचं, आणि अशा ठिकाणी मानसोपचार विभाग असतो. शिवाय जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम म्हणून सरकारचा एक आहे त्याचे लोक तालुक्याच्या ठिकाणीही ठरल्या दिवशी जातात. तुमच्या ग्रामीण रुग्णालयात विचारा कोणता वार ते.

मी गेलो ती जागा दिसायला काही नाही. केस पेपरची खिडकी, मग वरचा मजला, लोखंडी बाक, भिंतीला टेकून टेकून झालेले तेलाचे डाग, आणि दारावर एवढ्या मोठ्या अक्षरात बोर्ड की जिन्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाने वाचलंच पाहिजे. नाव मोठ्याने पुकारतात, आडनावासकट. याचा एक तारा मी कापणार म्हणजे कापणार. तोंडाला रुमाल बांधून बसलेला मी एकटा नव्हतो, दोन-तीन जण होते, एकमेकांकडे बघत नव्हतो.

पण बसलेली माणसं बघा. कपाशी विकून आलेला एक बापमाणूस, हातात कापडी पिशवी, बोलतच नव्हता, त्याचा पोरगा सगळं सांगत होता. सातपुड्याकडून, चोपड्याच्या वरून आलेली एक पावरा आदिवासी बाई, सोबत म्हातारी सासू, सासूनेच आणलेलं तिला, आणि सासूच सगळ्यांना विचारत होती नंबर कितवा. कॉलेजची एक पोरगी एकटी. मला वाटायचं इथे काय कोण येत असेल. देशपातळीवर 2015-16 मध्ये निमहान्सने जो सर्व्हे केला त्यात मानसिक आजार असलेल्यांपैकी आजारानुसार 70 ते 92 टक्के लोकांना उपचारच मिळत नाहीत असं निघालं होतं, म्हणजे त्या बाकांवर होते ते उरलेल्यातले नशीबवान. बाक तरीही पुरत नव्हते.

डॉक्टर तरुण होते. पहिल्यांदा पाच मिनिटं पण नाही दिली, मला राग आला, पण मग शेजारच्या खोलीत समाजसेविका होत्या त्यांनी निवांत घेतलं, घरचं, कामाचं, आईचं सगळं. मग परत डॉक्टर. त्यांनी कमी ताकदीची एक गोळी दिली आणि समजावून सांगितलं ते असं की या गोळीचा फरक लगेच पडत नाही, दोन ते चार आठवडे लागतात, त्यामुळे चार दिवसांत "काही उपयोग नाही" म्हणून सोडू नका, आणि बरं वाटलं म्हणूनही मनाने सोडू नका, हळूहळू कमी करावी लागते. झोपेची मागितली तर दिली नाही. म्हणाले आधी चहा आणि मोबाईल बघा.

फुकटात गोळ्या मिळाल्या, केस पेपरचे किरकोळ पैसे. खाजगीत माझ्या ओळखीत एका काउन्सेलरचे तासाला हजाराच्या घरात पडतात, चांगल्या आहेत म्हणतात, पण दिवाळीत त्याही सुट्टीवर होत्या. सुट्टी त्यांनीही घ्यावीच, माझं म्हणणं एवढंच की सण सगळ्यांचा एकाच वेळी येतो, म्हणून गोळ्यांचा हिशेब आधी करा. लक्ष्मीपूजन, पाडवा, भाऊबीज, मधे रविवार, ओपीडी बंद, तुमची स्ट्रिप संपलेली, गावातल्या मेडिकलला ती गोळी नाही, असं व्हायला वेळ लागत नाही. कॅज्युअल्टीत (तातडीच्या विभागात) डॉक्टर असतात पण ते तुमच्या महिन्याच्या गोळ्या लिहून देण्यासाठी बसलेले नसतात. साडेतीन तारे, बोर्ड छोटा केला तर चार.

आईसाठी वेगळंच लागलं. तिला मी 14416 लावून देतो म्हटलं तर म्हणाली मी काय येडी झाली का. मग 14567 लावला, ती ज्येष्ठांसाठीची एल्डरलाईन आहे, सकाळी आठ ते रात्री आठ. आईला मी सांगितलं पेन्शनची चौकशी करायला लावतोय. चौकशी झाली, आणि त्याच्या पुढे आई बोलतच राहिली, अहिराणीत, शेतातल्या पाण्यापासून ते वडिलांच्या चपला अजून दारात आहेत इथपर्यंत. पलीकडच्या ताई मराठीत, आई अहिराणीत, दोघींचं व्यवस्थित चाललेलं. ठेवल्यावर मी विचारलं काय म्हणाल्या? "काही नही रे, नुस्तं बोलनं व्हतं." त्यानंतर तिने स्वतःहून मला फोन करून त्या चपला शेजारच्या सालदाराला देऊ का विचारलं. मी म्हटलं अजून राहू दे. ती म्हणाली बरं.

राहिलं 31 डिसेंबर. ॲपने (पैसे भरलेत ना, काढलं नाही) "नववर्ष नवे तुम्ही, 21 दिवसांचं चॅलेंज" पाठवलं, पहाटे पाचला उठा, थंड पाण्याने आंघोळ. जळगावात डिसेंबरात पहाटे पाचला थंड पाणी, यांच्यावर केस टाकायला पाहिजे.

आम्ही भरीत पार्टीला गेलो आसोद्याकडे एका मित्राच्या शेतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हिरवी लांबडी वांगी कपाशीच्या वाळल्या काड्यांवर भाजायची, सालं काढून लाकडी मुसळाने ठेचायची, मिरची-लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, वरून तेल सोडायचं आणि कळण्याच्या पुऱ्या. वांगी सोलायचं काम मी घेतलं, बोटं भाजतात, पण तेव्हा दुसरं काही सुचत नाही. वडिलांचा विषय निघाला तर निघाला, एक मित्र म्हणाला काका दर वर्षी मिरची कमी म्हणून भांडायचे, दुसरा म्हणाला आणि मग पाणी पाणी करायचे. कोणी विषय बदलला नाही. हेच मला हवं होतं बहुतेक.

पिणारे पीत होते. मी नाही घेतली, गोळी चालू आहे, डॉक्टरने स्पष्ट सांगितलेलं. यावर पहिल्या वर्षी फार आग्रह होतो, तयारी ठेवा. "अँटिबायोटिक चालू आहे" म्हटलं की कोणी विचारत नाही, मी तेच वापरलं, खरं नंतर कधी सांगेन वाटलं तर. तसंही दारूने झोप लागते ती पहिली दोन-चार तासांची, पुढची मोडते, पहाटे तीनला उठणाऱ्या माणसाला तर मुळीच परवडत नाही. बाराला कोणीतरी फटाका लावला, शेजारच्या शेतातून शिव्या आल्या कारण त्यांच्याकडे गव्हाला पाणी देणं चालू होतं, रात्रीचीच लाईट असते ना.

एकाने तिथेच हळूच विचारलं, तू कुठे जातो म्हणे सोमवारी, मला पण यायचंय, बायकोला सांगू नको. आमच्याच काउंटरचा पोरगा, ज्याने अंगठीच्या वेळी सांभाळून घेतलं होतं तोच. 2026 ची 26 जानेवारी सोमवारीच आलीय म्हणजे ओपीडी बंद, म्हणून आम्ही त्याच्या आधीच्या सोमवारी जाणार आहोत. त्याला सांगून ठेवलंय आठला निघायचं, नऊनंतर केस पेपरची रांग जिन्यापर्यंत जाते, आणि रुमाल आणायचा असेल तर आण, नाहीतर माझ्याकडे दोन आहेत.